पेंटरचे थेंब

औषधांच्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढायच्या आत अण्णांचा हात नेमक्या खणापाशी पोचलेला असे. रस्त्यावरून खोकत येणारा माणूस कोरडा खोकतोय की ओला, हे ते पाठमोरे बसूनही ओळखत. पस्तीस वर्षं दुकान चालवलं होतं. कुणाच्या आईला कुठली गोळी सोसत नाही, कुणाच्या पोराला कुठलं सिरप दिलं की ओकारी होते, सगळं त्यांना तोंडपाठ. "अण्णांकडे गेलं की काम होतं," असं आसपासच्या चार गल्ल्यांत म्हणत आणि हे वाक्य कानावर पडलं की अण्णा चष्मा पुसायला घेत. चेहरा लपवायची ती त्यांची रीत होती.

काम होतं म्हणजे काय, तर डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी होतं. अण्णांनी फार्मसीचा कोर्स केला होता जुन्या काळात, दोन वर्षांचा. त्यातलं बरंचसं आता त्यांच्या सवयीत मुरलं होतं आणि सवयीत मुरलेलं माणूस पुन्हा तपासून बघत नाही.

मुलाचं लग्न झालं तेव्हा सून आली ती याच विषयातली मोठी पदवी घेऊन. मुलगा जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात दोघंच, सासरा आणि सून, आणि घराच्या खालीच दुकान. पहिल्या वर्षी तिने फार काही केलं नाही. मुदत संपलेलं काढून टाकलं, फ्रिजमधल्या औषधांजवळ ठेवलेली अण्णांची दह्याची वाटी शांतपणे वर नेऊन ठेवली, आणि कुठलं औषध कुणी कधी नेलं याची नोंद ठेवायला लागली. "दुकान तुझंच आहे," असं अण्णा येताजाता म्हणत. म्हणायला काय जातं.

अण्णांचा चाळीस वर्षांचा मित्र म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या, गोदामांच्या भिंती, ट्रकांच्या पाठी, सगळं हाताने रंगवणारा माणूस. छापील फलक आले आणि बाकीचे रंगारी पोटापाण्यासाठी दुसरीकडे वळले, पण याचं अक्षर असं होतं की लोक मुद्दाम शोधत यायचे. भिंत खरवडताना उडणारी धूळ आणि थिनरचा वास, यामुळे डोळे कायम लाल. दोन वर्षांपूर्वी एकदा दोन्ही डोळे चांगलेच सुजले, पू आला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते. पांढऱ्या टोपणाची छोटी बाटली. चार दिवसांत डोळे लख्ख. तेव्हापासून डोळे लाल झाले रे झाले की पेंटर दुकानात यायचा आणि अण्णा न बोलता बाटली पुढे सरकवायचे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पेंटर आला तेव्हा अण्णा आतल्या बाजूला खोकी फोडत होते. दाराशी खाली ठेवलेला वजनकाटा पेंटरच्या पायाला धडकला आणि खडखडत दूर गेला.

"मधे कशाला ठेवता रे हे," म्हणत तो काउंटरशी आला. "सूनबाई, माझं ते पांढऱ्या टोपणाचं दे बघू."

"काका, चिठ्ठी आणलीत?"

"चिठ्ठी? आमची चिठ्ठी तुझ्या सासऱ्याच्या डोक्यात असते. तिथून काढून घे."

ती हसली, पण खणाकडे वळली नाही. "मागची बाटली बाबांनी दिली त्याला महिनासुद्धा झालेला नाही. आणि त्याच्या आधीची त्याच्या पाच आठवडे आधी. रोज घालता का?"

"लाल झाले की घालतो."

"लाल कधी होतात?"

"रोज," पेंटर म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तरावर हसला. मग खिशातून पाकीट काढून त्यातून एक कागद उलगडला. घड्यांवर फाटून त्याच्या चार चिंध्या होत आल्या होत्या. "घे. चिठ्ठी हवी ना तुला? ही बघ."

तिने कागद नीट वाचला. "यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे, काका. आणि सात दिवस लिहिलंय. सात दिवसांनी परत दाखवायला या, असंही लिहिलंय. गेला होतात?"

"बरे झाले की डोळे. बरा माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल?"

"ऐका जरा. या बाटलीत दोन औषधं आहेत. एक जंतू मारतं. दुसरं स्टेरॉइड आहे, ते सूज दाबतं. तुमची लाली पटकन जाते ती त्या दुसऱ्यामुळे. थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली घातलं तर फार चांगलं औषध आहे. पण महिनोन्‌महिने गेलं की काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. आतल्या आत नस झिजत जाते. शिवाय मोतीबिंदू लवकर येतो, आणि नवा जंतू शिरला तर तोही दबून राहतो, कळतच नाही."

"अगं, मी तीन मजले उंच भिंतीवर दोरी न लावता सरळ रेघ मारतो. माझे डोळे तू मला सांगू नकोस."

एव्हाना अण्णा बाहेर आले होते. काउंटरशी आणखी दोघं उभी होती आणि ती हे सगळं कान टवकारून ऐकत होती. चाळीस वर्षांचा मित्र आपल्याच दुकानात हात पसरून उभा, हे अण्णांना सहन होईना.

"देऊन टाक गं," ते म्हणाले. "घरचा माणूस आहे."

"घरचे आहेत म्हणूनच नाही देत, बाबा." तिचा आवाज चढला नाही, पण खालीही आला नाही. "आधी दाब तपासून घेऊ दे त्यांना. मग डॉक्टरांनी लिहून दिलं तर मी स्वतः घरी नेऊन देईन."

अण्णांना वाटलं, आपण हात लांबवून खण उघडावा. खण दोन हातांवर होता. पण हात काही उठला नाही. पेंटरने कागदाच्या चिंध्या गोळा केल्या, पाकिटात कोंबल्या, आणि अण्णांकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर परवडला असता. तो पायऱ्या उतरून गेला.

दुपारी वर जेवताना अण्णांनी तोंड उघडलं ते फक्त घास घालायला. सून वाढत होती. तिने माफी मागितली नाही आणि अण्णांना ती हवीही होती आणि नकोही होती. शेवटी तीच बोलली.

"रागवा तुम्ही, बाबा. तुमचा हक्क आहे. पण एक सांगा, काकांनी तो वजनकाटा आज कितव्यांदा लाथाडला?"

"अडगळ करून ठेवलीय दारात, कुणाच्याही पायात येईल."

"कुणाच्याही नाही येत. दिवसाला शंभर माणसं आत येतात. या महिन्यात तो तीन वेळा हलला, तिन्ही वेळा काकांच्या पायाने. मागच्या आठवड्यात पायरीवरही अडखळले होते. म्हणाले, चप्पल सैल झालीय."

अण्णांना पत्त्यांचा डाव आठवला. रविवारी ते चौघे मित्र पत्ते खेळायला बसत, तेव्हा पेंटरसमोर सतरंजीवर ठेवलेला चहाचा पेला दोनदा लवंडला होता. म्हातारा झालास, म्हणून सगळ्यांनी त्याची टर उडवली होती. त्यात अण्णांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुसऱ्या दिवशी दुकान सुनेवर सोपवून अण्णा पेंटरला शोधत निघाले. तो एका नव्या गोदामाच्या दर्शनी भिंतीवर काम करत होता. शिडीवर उभा राहून मालकाच्या नावातलं शेवटचं अक्षर भरत होता आणि ते अक्षर बघून अण्णांना वाटलं, आपण उगाच आलो. काय ते वळण, काय ती जाडी. असा हात असलेल्या माणसाच्या नजरेत काय खोट असणार?

मग पेंटर खाली उतरला. शेवटच्या पायरीवरून पाय जमिनीवर टेकवायला गेला तो सरळ निळ्या रंगाच्या डब्यात.

"डबा कुणी ठेवला इथे?" तो खेकसला.

आजूबाजूला दुसरं कुणीच नव्हतं. "तूच ठेवलास," अण्णा म्हणाले.

पेंटर घोट्यापर्यंत निळा पाय घेऊन कठड्यावर बसला. अण्णांना बघून त्याला जरा बरं वाटलं असावं, पण ते दाखवायची त्याची तयारी नव्हती. त्याने खिशातून पांढऱ्या टोपणाची बाटली काढून नाचवली. "बघ. पलीकडच्या चौकात मिळाली. एका शब्दात. तुझी सून एकटीच नाही जगात."

आणि तिथेच त्याने डोळ्यांत थेंब घातले. पस्तीस वर्षं अण्णांनी थेंबांच्या बाटल्या विकल्या होत्या, पण माणूस ते घालतो कसे, हे त्यांनी कधी उभं राहून बघितलं नव्हतं. रंगाने माखलेल्या बोटांनी त्याने पापणी ओढली. बाटलीचं टोक पापण्यांच्या केसांना घासलं. तीन-चार थेंब पिळले, त्यातले निम्मे गालावरून ओघळले. टोपण हातातून सुटून धुळीत पडलं, ते त्याने सदऱ्याला पुसलं आणि बाटलीला लावून टाकलं. अशीच बाटली आजवर त्याच्या हाती देणारे हात आपले होते, एकदा नाही, पंचवीस-तीस वेळा.

उपदेश केला तर हा उठून शिडीवर चढेल, हे चाळीस वर्षांच्या मैत्रीने त्यांना शिकवलं होतं.

"उद्या माझ्याबरोबर येतोस का?" अण्णा म्हणाले. "मला डोळे दाखवायचेत. एकट्याला भीती वाटते."

पेंटरला हे फार आवडलं. "भित्रा तो भित्राच राहिलास. किती वाजता?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि झरझर बोलत. मित्र जुनेच थेंब घालतोय, एवढं अण्णांनी आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं, त्यामुळे त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सोबत आलात तर तुमचेही बघून टाकू." अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ पेंटरने धडाधड वाचली आणि तक्त्याचं अक्षर किती बेढब आहे हेही सुनावलं. मग यंत्राने दाब मोजला. डॉक्टरीणबाईंनी एकदा मोजला, परत मोजला, आणि त्यांचं बोलणं हळू झालं.

नंतर पेंटरला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रापुढे बसवलं. समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि बाजूला कुठे बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. अण्णा मागे खुर्चीवर बसले होते. पेंटरचं बटण वाजायचं, मग बराच वेळ वाजायचंच नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "यंत्र बिघडलंय त्यांचं. निम्मे दिवे लागतच नव्हते."

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. दोन गोल होते, दोन्ही डोळ्यांचे, आणि दोन्हींच्या खालच्या बाजूला धनुष्यासारखी काळपट छटा पसरली होती.

"दिवे सगळे लागले होते," त्या म्हणाल्या. "डोळ्यातला दाब एकवीसच्या आत असावा. तुमच्या एका डोळ्यात चौतीस आहे, दुसऱ्यात एकतीस. समोरचं तुम्हाला अजून स्वच्छ दिसतं, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. पण खालच्या बाजूची नजर थोडी गेली आहे. पायाशी काय आहे ते दिसत नसेल."

पेंटरने आपल्या पायांकडे बघितलं. घोट्यावर निळा रंग अजून होता.

"गेली ती परत येते का?" त्याने विचारलं.

"गेलेली नाही येत. राहिलेली मात्र राखता येईल. हे थेंब बंद करायचे, मी दाबाचे वेगळे देते, आणि दर दोन आठवड्यांनी माझ्यासमोर येऊन बसायचं. किती दिवस घालत होतात?"

"दोन वर्षं."

"कुणी दिले?"

पेंटर भिंतीवरचा तक्ता बघायला लागला. मित्राचं नाव त्याच्या तोंडून निघालं नसतं, त्याला तिथेच चटके दिले असते तरी. ते अण्णांना कळलं आणि खुर्चीवरून उठावंसं वाटलं, म्हणून ते उठलेच.

"मी दिले," ते म्हणाले. "दुकान माझं आहे. चिठ्ठी न बघता दिले."

डॉक्टरीणबाईंना रागवायचं असावं, पण समोर पांढऱ्या केसांचा माणूस शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

"थांबवलेतही तुम्हीच का?"

"नाही. माझ्या सुनेने. मी दे म्हणत होतो, तिने दिले नाहीत." आणि हे सांगताना आपला आवाज एकदम भरून आणि मोठा निघाला, हे अण्णांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. चोरी कबूल करायला उठलेला माणूस मधेच छाती पुढे काढून उभा राहावा, तसं झालं. "ती फार्मासिस्ट आहे. तिने तो पायाला लागणारा वजनकाटासुद्धा मोजून ठेवला होता."

"तिला माझा नमस्कार सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी माणसं माझ्याकडे पोचतात तेव्हा बहुतेकांचं समोरचंही गेलेलं असतं."

परत येताना पेंटर अण्णांच्या एक पाऊल मागे चालला. प्रत्येक पायरीवर मान खाली घालून बघून पाय टाकत होता.

"खोटं बोललास तू," शेवटी तो म्हणाला. "म्हणे भीती वाटते."

"खोटं कुठे. वाटतच होती."

त्या दिवशी जेवताना अण्णा सुनेला म्हणाले, "मी चुकलो." लग्नाच्या बायकोलाही त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. बिचारी वाट बघून गेली.

सुनेने मान हलवली. तिने ते उचलून धरलं नाही की खाली आपटलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, तेच थेंब तुम्ही आणखी कुणाकुणाला देत होतात?"

माझी नोंदवही दोन वर्षांचीच आहे, त्याआधीचं तुमच्या डोक्यात असेल, असं ती म्हणाली. आणि खरंच होतं. अण्णांनी डोळे मिटले आणि एकेक माणूस आठवून सांगितला. शाळेत शिकवणारी बाई, तिला धुळीची ॲलर्जी. वेल्डिंगवाला. बेकरीवाल्याची आई. असे नऊ जण निघाले. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी अण्णा छत्री घेऊन एकेकाच्या दारात जाऊन उभे राहिले. "मी दिलेले थेंब घालत असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, दाब तपासून घ्या," एवढंच बोलायचं. पाच जणांनी कधीच सोडले होते. शिक्षिकेने चहा दिला आणि दुसऱ्याच दिवशी तपासून आली. वेल्डिंगवाला म्हणाला, म्हातारपणी अक्कल सुचली का, आणि अण्णा म्हणाले, "हो." बेकरीवाल्याच्या आईचा दाब वाढलेला निघाला, सव्वीस. वेळेत सापडला. उरलेल्या एकाने दारच उघडलं नाही, तर अण्णांनी चिठ्ठी लिहून फटीतून आत सरकवली. स्वतःची चूक दारोदार सांगत फिरताना माणसाची मान खाली जायला हवी. अण्णांची जात नव्हती. उलट दर घरामागे आपण जरा सरळ चालतोय, असं त्यांना वाटे.

पेंटर तीन आठवडे दुकानाकडे फिरकला नाही. मग एका सकाळी आला, दाराशी थांबला, खाली बघितलं, वजनकाट्याला वळसा घालून काउंटरशी आला आणि दोन्ही हातांनी कागद पुढे धरला.

"सूनबाई, चिठ्ठी. तारीख बघून घे. आजची आहे."

सुनेने ती वाचली. दाबाचे थेंब होते. "दाब किती आलाय, काका?"

"अठरा आणि एकोणीस." परीक्षेचे मार्क सांगावेत तसं त्याने सांगितलं. मग गळा खाकरला. "त्या दिवशी तू दिली असतीस ना बाटली, तर मी तुला गुणाची पोर म्हटलं असतं आणि आंधळा झालो असतो."

एवढी कबुली त्याच्या मानाने पुष्कळ होती. तिने बाटली दिली आणि त्याला थेंब कसे घालता ते करून दाखवायला लावलं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर जमलं.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पेंटर जे शिकला ते जरा जास्तच शिकला.

पाच महिन्यांनी पेंटरच्या बायकोचं, म्हणजे अण्णांच्या वहिनींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं. सातव्या दिवशी वहिनी एकट्याच दुकानात आल्या. डोळा लाल होता, उजेडाकडे बघवत नव्हतं.

"थेंब घालताय ना?" सुनेने विचारलं.

"दोन दिवस घातले. मग यांनी बाटली बघितली. तीच आहे म्हणाले, पांढऱ्या टोपणाची. विष आहे म्हणाले. कपाटात टाकून कुलूप लावलंय आणि किल्ली खिशात घेऊन शिडीवर चढलेत."

अण्णांना हसू फुटलं, पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. तिने आधी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब पाठवायला सांगितलं. अण्णा स्वतः वहिनींना घेऊन गेले. जंतू शिरलेले नव्हते, सूज मात्र उसळली होती. थेंब लगेच सुरू करायचे होते, नव्या वेळापत्रकाने.

संध्याकाळी पेंटर किल्ली घेऊन हजर झाला. चेहरा पडलेला.

"तूच म्हणालीस ना," तो सुनेला म्हणाला, "की नस झिजते."

"म्हणाले होते. तुम्ही दोन वर्षं घातले, कुणाला न विचारता, धुळीची लाली घालवायला. काकूंच्या डोळ्यावर ऑपरेशन झालंय. आत जखम आहे. तिथे सूज आली तर दाबायला हवी आणि जंतू शिरू नयेत म्हणूनही काही हवं. त्यांना किती दिवस, किती वेळा, सगळं लिहून दिलंय. मधे डॉक्टर दाबही बघणार आहेत."

"मग विष की औषध, एक काय ते सांग."

"काका, तुम्ही लाल रंग वापरता. दुकानाच्या पाटीवर शोभतो. तोच डबा भिंतभर ओतला तर?"

पेंटरने क्षणभर विचार केला. "मालक हाकलून देईल," तो म्हणाला, आणि विषय त्याच्यापुरता मिटला.

मग काउंटरच्या मागे स्टुलावर वहिनींना बसवून सुनेने सगळं पहिल्यापासून दाखवलं. आधी साबणाने हात. मग बाटली हलवून घ्यायची, कारण औषध तळाशी बसतं. मान मागे, खालची पापणी बोटाने हळूच ओढली की झोळी होते, त्या झोळीत एकच थेंब. बाटलीचं टोक कशालाच लागता कामा नये, ना पापणीला, ना बोटाला. डोळा हलकेच मिटायचा, आवळायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा दोन मिनिटं, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं. दुसरे थेंब असले तर मधे पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची. बाटली उघडल्याची तारीख तिने बाटलीवरच लिहिली. "चार आठवड्यांनी उरली तरी फेकायची. आणि ही फक्त तुमची. घरात दुसऱ्या कुणाचा डोळा लाल झाला तरी त्याच्यासाठी काढायची नाही."

तिने 'दुसऱ्या कुणाचा' म्हणताना पेंटरकडे बघितलं. पेंटर छताकडे बघत होता.

"आणि बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचे नाहीत," ती वहिनींना म्हणाली. "पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन, असं उतरत जायचं. एकदम सोडलं की दबलेली सूज उलटते. दुखलं, धूसर दिसलं, लाली वाढली तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना."

अण्णा खोकी फोडायचं सोडून ऐकत होते. यातलं काही त्यांना माहीत होतं, काही माहीत असून ते विसरले होते, आणि कोपरा दाबून धरायचं तर त्यांनी इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. सुनेची बोटं बोलता बोलता वहिनींच्या पापणीवर इतकी अलगद टेकली होती की वहिनी पापणीही न हलवता बसल्या होत्या. अण्णांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. नंतर त्यांच्या ध्यानात आलं, आपण कुठे काही लपवतोय. त्यांनी तो तसाच परत घातला आणि सगळ्यांसमोर तिच्याकडे बघत राहिले.

सहा आठवड्यांनी शेवटच्या तपासणीला वहिनी गेल्या, बरोबर पेंटर, आणि अण्णाही, कारण एव्हाना त्यांनी आपलेही डोळे दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरवलं होतं. बाकावर गर्दी होती. वहिनींच्या शेजारी नुकतं ऑपरेशन झालेली एक बाई पिशवीतून बाटली काढून चाचपडत होती. वहिनींनी तिचा हात धरला.

"थांबा. आधी हात धुऊन या. मग मी सांगते."

बाई हात धुऊन आली. वहिनींनी तिला बाटली हलवायला लावली, मान मागे करायला लावली, झोळी करून दाखवली. "एकच. टोक लावू नका हो. आता मिटा, आणि हा कोपरा दाबा. मोजा." बाकावरची आणखी दोघं पुढे वाकून बघायला लागली. एकीने बाटलीवर तारीख लिहायला पेन मागितलं, ते पेंटरने दिलं, आणि तिचे हात थरथरतात म्हणून मग त्यानेच लिहून दिली, त्या एवढ्याशा लेबलवर, सुबक अक्षरात.

"तुम्ही नर्स होतात का?" डोळा मिटलेल्या बाईने विचारलं.

"छे हो," वहिनी म्हणाल्या. "आमच्या सुनेने शिकवलं. तिचं औषधांचं दुकान आहे."

"आमच्या?" पेंटर हळूच म्हणाला. "अगं, ती अण्णाची सून आहे."

"असू दे," अण्णा म्हणाले. "वाटून घेऊ."